गटारीनंतरचे तीन दिवस

आषाढ संपत आला की मटणाच्या दुकानापुढची रांग आणि वाइन शॉपपुढची रांग यांत फारसा फरक राहत नाही. दीप अमावास्येला घरात दिवे पूजायचे आणि घराबाहेर गटारी साजरी करायची, अमावास्या आडवारी आली तर आदल्या रविवारीच उरकून घ्यायची, आणि मग श्रावणभर बाटलीला शिवायचं नाही, असा आपल्याकडे एक अलिखित करार आहे. पिणाऱ्यांतल्या बहुतेकांना हा महिना सहज जातो. थोडी चिडचिड होते, शनिवारची संध्याकाळ जरा लांबते, एवढंच.

पण एखादा असा असतो, ज्याला श्रावणाचा पहिला दिवसच निघत नाही. सकाळी चहाचा कप बशीवर खडखडतो. दाढीचं ब्लेड गालावर धरवत नाही. दरदरून घाम फुटतो, पोटात काही ठरत नाही. दुसऱ्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. तिसऱ्या दिवशी तो अंथरुणावरच्या मुंग्या झटकत बसतो, आणि अंथरुणावर मुंग्या नसतात. घरच्यांना वाटतं, काहीतरी बाहेरचं झालं. मग एखादा जाणता नातेवाईक म्हणतो, "एकदम सोडली ना, म्हणून झालं हे. थोडी द्या, बरं वाटेल." गंमत अशी की या नातेवाइकाचं निदान अगदी बरोबर असतं. औषध तेवढं चुकतं.

दारूने हात थरथरायला हवा, तर इथे तो दारू नसल्याने थरथरतो आणि नव्वद मिली पोटात गेल्यावर स्थिर होतो. हे कोडं उलगडायला वैद्यकाला दीडशे वर्षं लागली, आणि ते उलगडल्यावर व्यसनाकडे पाहण्याची अख्खी रीतच बदलली.

सुरुवात रेणूपासून करू. इथेनॉल, म्हणजे पिण्याच्या दारूतला अल्कोहोल, हा नशेच्या पदार्थांतला अगदी चिमुकला रेणू आहे. दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन, सगळे मिळून नऊ अणू. मॉर्फिनचा 10 मिलिग्रॅमचा डोस मोठ्या माणसाला पुरतो. दारूचं काम मिलिग्रॅममध्ये भागतच नाही. 42.8 टक्के अल्कोहोल असलेल्या व्हिस्कीच्या 30 मिलीच्या पेगमध्ये साधारण 10 ग्रॅम इथेनॉल असतं, म्हणजे मॉर्फिनच्या त्या डोसच्या हजारपट. कारण मॉर्फिनला मेंदूत बसायला नेमकी जागा असते. दारूला अशी स्वतःची जागा नाही. ती पाण्यात सहज मिसळते, पेशींच्या स्निग्ध आवरणातूनही पार होते आणि कानाकोपऱ्यात पसरून अनेक ठिकाणी थोडी थोडी ढवळाढवळ करते.

तिच्याशी आपली ओळखही फार जुनी आहे. माणूस, चिंपांझी आणि गोरिला यांच्या समान पूर्वजाच्या अंगात सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी एका विकरात लहानसा बदल झाला आणि त्या विकराची इथेनॉल पचवण्याची क्षमता सुमारे चाळीसपट वाढली, असं 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं. तो काळ आपले पूर्वज झाडावरून जमिनीवर उतरू लागल्याचा. जमिनीवर पडलेली फळं आंबलेली असतात. ती खाऊन ज्याला झिंग आली नाही, तो वाघराच्या तावडीतून सुटला असणार. हे शेवटचं वाक्य अर्थात तर्क आहे, पण विकराचा बदल खरा.

तरीही आपलं यकृत या कामात संथच आहे. ते तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम इथेनॉल मोडतं, आणि रक्तात कितीही दारू असली तरी वेग फारसा वाढवत नाही. लिंबूपाणी, कडक कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांतलं काहीही त्याला घाई करायला लावत नाही. 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण 60 ग्रॅम अल्कोहोल असतं. रात्री दहाला संपवलेली क्वार्टर पहाटेपर्यंत, कधी सकाळी सातपर्यंत रक्तात फिरत असते. सकाळी स्कूटरला किक मारणाऱ्याला हे माहीत नसतं.

आता मेंदूकडे येऊ. मेंदूच्या पेशी एकमेकींना सतत निरोप पाठवत असतात. त्यांत गाबा नावाचं रसायन पेशींना शांत करतं आणि ग्लुटामेट त्यांना चेतवतं. आपलं जागेपण, झोप, हालचाल, लक्ष हे सगळं या दोघांच्या तोलावर चालतं. दारू नेमकी इथेच हात घालते. गाबाचा परिणाम ती वाढवते आणि ग्लुटामेटचा कमी करते. म्हणून पहिल्या पेगला ताण उतरतो, चौथ्याला जीभ अडखळते आणि फारच झाली तर माणसाची शुद्ध हरपते.

एखाद्या दिवशी एवढं झालं तर मेंदू सोसतो. रोज होऊ लागलं की तो बंदोबस्त करतो. इथे रस्सीखेच आठवावी. एका बाजूला दारू रोज संध्याकाळी दोर आपल्याकडे, शांततेच्या दिशेने ओढते. मग मेंदू दुसऱ्या बाजूला आणखी गडी उभे करतो. तो ग्लुटामेटचे ग्राहक, म्हणजे ते रसायन झेलणाऱ्या जागा, वाढवतो आणि गाबाच्या जागा बोथट करतो. महिने जातात, वर्षं जातात. दोन्ही बाजूंनी प्रचंड ओढ असते आणि दोर मधोमध स्थिर असतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय पठ्ठ्या आहे, हाफ मारून सरळ चालतोय! आणि मग अमावास्येच्या रात्री एका बाजूने दोर एकदम सोडून दिला जातो.

पुढचे तीन दिवस म्हणजे दुसऱ्या बाजूच्या गड्यांचं कोसळणं. शेवटच्या घोटानंतर सहा ते बारा तासांत थरथर, घाम, धडधड, मळमळ सुरू होते. सहा ते अठ्ठेचाळीस तासांच्या टप्प्यात फिट येऊ शकते, ज्याला आयुष्यात कधी आली नाही त्यालाही. पहिल्या दिवसाअखेर काहींना आवाज ऐकू येतात, नसलेल्या गोष्टी दिसतात, पण आपण कुठे आहोत हे कळत असतं. दोन ते चार दिवसांच्या आसपास थोड्यांच्या बाबतीत, साधारण शंभरात तीन ते पाच जणांच्या, सगळ्यात भयंकर अवस्था येते. दिवस-रात्र, घर-दवाखाना, बायको-परकी बाई, कशाचा पत्ता राहत नाही. ताप चढतो, नाडी पळते, किडे आणि साप दिसतात. 1813 साली थॉमस सटन या इंग्रज डॉक्टरने या अवस्थेला 'डिलीरियम ट्रेमेन्स' असं नाव दिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही रुग्णालयांत अशा तिघांतला एक रुग्ण दगावत असे. आज वेळेवर उपचार झाले तर हे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आहे.

नाव मिळालं, तरी कारणावरून वाद चालूच राहिला. हे दारूचं विष आहे, की कुपोषण, की दारू थांबल्याचा परिणाम? 1955 साली अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन इथे हॅरिस इसबेल आणि सहकाऱ्यांनी दहा माणसांना आठवडेच्या आठवडे, काहींना तर 87 दिवसांपर्यंत, भरपूर दारू आणि त्याबरोबर चांगला आहार दिला आणि मग दारू एकदम बंद केली. ज्यांचं पिणं दीर्घकाळ चाललं होतं त्यांच्यात थरथर आली, फिट आल्या, भ्रमही झाला. खाण्यापिण्याची आबाळ नव्हती, म्हणजे कारण दारू थांबणं हेच. असा प्रयोग आज कुठलीही नीतिसमिती मान्य करणार नाही, आणि करूही नये. पण दीडशे वर्षांचा वाद त्याने मिटवला.

रोज सकाळी 'उतारा' घेणारा माणूस हाच प्रयोग स्वतःवर करत असतो. त्याला मजा हवी असते असं नाही. शर्टाची बटणं लावता यावीत एवढंच हवं असतं. शेवटच्या घोटाला सात-आठ तास झाले की दोर सुटायला लागतो, म्हणून तो पुन्हा ताणून धरायचा. याचं फिकं रूप कधीतरी पिणाऱ्यालाही ठाऊक असतं. पार्टीच्या रात्री पडल्या पडल्या झोप लागते आणि पहाटे तीनला टक्क जाग येते, मन उगाच धास्तावलेलं असतं. दारू उतरत असते आणि मेंदूने केलेला बंदोबस्त अजून उठलेला नसतो.

एवढं समजलं की उपचाराचा पहिला टप्पा आपोआप समजतो. दोर सोडायचाच आहे, पण हळूहळू. 1960 साली बाजारात आलेलं क्लोरडायाझेपॉक्साइड आणि त्याच्या घराण्यातली डायझेपाम, लोराझेपाम ही औषधं त्याच गाबाच्या ग्राहकांवर काम करतात. डॉक्टर ती भरपूर मात्रेने सुरू करतात आणि साधारण आठवडाभरात पायरीपायरीने कमी करत बंद करतात. तेवढ्या वेळात मेंदू पलीकडचे गडी मागे घेतो. ही औषधं स्वतःच सवय लावणारी आहेत, दारूबरोबर घेतली तर श्वास मंदावू शकतो, म्हणून ती मेडिकलमधून आणून घरी द्यायची नसतात. नातेवाइकाच्या 'थोडी द्या' या सल्ल्यातला तर्क आणि डॉक्टरांचा तर्क एकच आहे. फरक इतकाच की डॉक्टरांच्या दोराला शेवट असतो.

दुसरी गोष्ट सलाईनची. आपल्याकडे अशक्त माणसाला सलाईन लावली की सगळ्यांना हायसं वाटतं. पण वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, जवळजवळ संपलेलं असतं. जेवण कमी, आणि जे खाल्लं त्यातलंही दारूमुळे नीट शोषलं जात नाही. ग्लुकोज वापरायला मेंदूला थायमिन लागतं. थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलंही खर्ची पडतं आणि डोळ्यांची हालचाल अडकणं, चालताना झोक जाणं, गोंधळ उडणं असा आजार उफाळू शकतो. कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरने 1881 साली त्याचं वर्णन केलं. पुढे काही वर्षांत रशियातल्या सर्गेई कोर्साकोव्हने त्याचा पुढचा टप्पा नोंदवला. माणसाला नवं काही आठवतच नाही, आणि गाळलेल्या जागा तो मनाने भरतो. सकाळपासून खाटेवर असलेला रुग्ण शांतपणे सांगतो की आत्ताच बाजारातून आलो. तो खोटं बोलत नसतो, त्याला ते खरंच वाटत असतं. आणि हे सगळं वेळेवर दिलेल्या, अगदी स्वस्त अशा बी-1 च्या इंजेक्शनने टळू शकतं. वैद्यकात इतक्या कमी पैशांत इतकं मोठं नुकसान टळण्याची उदाहरणं फार नाहीत.

आणखी एक गोष्ट आहे, जिच्यामुळे आपल्या सणावारांकडे जरा वेगळ्या नजरेने पाहावं लागतं. 1978 साली बॅलेंजर आणि पोस्ट या अमेरिकी संशोधकांनी मांडलं की दारू तोडण्याचा त्रास दर खेपेला वाढत जातो. मेंदू आधीचे झटके विसरत नाही. पहिल्या वेळी नुसती थरथर, पुढे फिट, त्यापुढे भ्रम. श्रावणात सोडली, गणपती विसर्जनाला धरली, नवरात्रात सोडली, दसऱ्याला धरली, मार्गशीर्षात पुन्हा सोडली, असं करणाऱ्या माणसाला आपण निग्रही म्हणतो. तो शरीराने अवलंबून नसेल तर म्हणायला हरकत नाही. असेल तर मात्र प्रत्येक सण आधीपेक्षा अवघड होत जातो. पंढरीची माळ घालून दारू सोडलेली माणसं महाराष्ट्रात गावोगाव आहेत आणि त्या माळेची ताकद मी कमी लेखणार नाही. माझं म्हणणं इतकंच, की ज्याचा हात सकाळी थरथरतो त्याने माळ घालण्याआधी डॉक्टरांना भेटावं आणि मग खुशाल घालावी.

पण थरथर ही खूप उशिराची खूण झाली. त्याआधी ओळखायचं कसं?

पहिली खूण आपण कौतुकाने सांगतो, हे त्यातलं सगळ्यात चमत्कारिक. "त्याला चढतच नाही. दारू पचवावी तर त्याने." खरं तर ज्याला फार पिऊनही काही होत नाही, त्याच्या मेंदूने पलीकडे गडी उभे केलेले असतात. मार्क शकिट या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने तरुणांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा ज्यांना सुरुवातीपासूनच दारू कमी चढते त्यांना पुढे व्यसन लागण्याचा धोका जास्त दिसला. व्यसनाच्या धोक्यातला जवळपास निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो, असं जुळ्यांच्या अभ्यासांवरून दिसतं. पहिल्या पेगमध्ये ज्याचं डोकं दुखतं तो मित्रांच्या चेष्टेचा विषय होतो, आणि खरा नशीबवान तोच.

दुसरी खूण ग्रिफिथ एडवर्ड्स आणि मिल्टन ग्रॉस यांनी 1976 साली टिपली, आणि ती मला फार सूक्ष्म वाटते. पिणं एकसुरी होतं. आधी माणूस कधी लग्नात पितो, कधी मॅच बघताना, कधी महिनाभर पीतच नाही. सोबत वेगवेगळी, ब्रँड वेगवेगळा. मग हळूहळू सोमवार आणि रविवार यांतला फरक पुसला जातो. तीच वेळ, तेवढीच मात्रा, तोच कोपरा, शेवटी एकटाच. दारूला प्रसंग लागत नाही. ती कशासाठी प्यायली जाते असं विचारलं तर उत्तर असं असतं की आठ वाजलेत.

याच काळात मेंदूच्या आणखी एका भागात काहीतरी शिकणं चालू असतं. वोल्फ्राम शुल्त्स यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत फळांच्या रसाचा थेंब मिळाला की डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी चेतत. थेंबाआधी दर वेळी दिवा लावला, तेव्हा काही दिवसांनी पेशी थेंबाला नव्हे, दिव्याला चेतू लागल्या. परमिट रूमचा लुकलुकता बोर्ड, ग्लासात पडणाऱ्या बर्फाचा आवाज, चकण्याच्या खाऱ्या दाण्यांचा वास हे पिणाऱ्याचे दिवे. 1993 साली रॉबिन्सन आणि बेरिज यांनी पुढचं पाऊल टाकलं. एखादी गोष्ट आवडणं आणि ती हवीहवीशी वाटणं या मेंदूत दोन निराळ्या यंत्रणा आहेत, आणि व्यसनात दुसरी बेसुमार वाढते, पहिली वाढतेच असं नाही. "आता मजाही येत नाही हो, पण जातोच," असं सांगणारा माणूस बहाणे करत नसतो. तो आपल्या मेंदूचं बऱ्यापैकी अचूक वर्णन करत असतो.

राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तला सुधाकर कोर्टात झालेला अपमान विसरण्यासाठी तळीरामाच्या सांगण्यावरून पहिला प्याला घेतो. गडकरी जानेवारी 1919 मध्ये गेले आणि पुढच्याच महिन्यात नाटक रंगभूमीवर आलं. तेव्हा ना गाबा माहीत होतं ना डोपामिन, पण हुशार, मानी, कर्तबगार माणूसच कसा सापडतो हे त्यांनी नेमकं दाखवलं. फक्त सुधाकराच्या काळात पुढे जाऊन दार ठोठावावं असा दवाखाना नव्हता. आज आहे, आणि तरीही आपण बऱ्याचदा सुधाकराच्या काळात असल्यासारखे वागतो.

निदानासाठी रक्ततपासणी लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या आणि अजूनही सर्रास वापरात असलेल्या व्याख्येत सहा गोष्टी आहेत: तीव्र तलफ, किती प्यायची यावरचा ताबा सुटणं, थांबवली की त्रास, तेवढ्याच परिणामासाठी वाढती मात्रा, बाकीचे छंद आणि जबाबदाऱ्या मागे पडणं, आणि नुकसान दिसत असूनही पीत राहणं. वर्षभरात यांतल्या तीन एकत्र दिसल्या तर अवलंबित्व मानतात. 'मी श्रावण पाळतो' हे वाक्य या सहांत कुठेच बसत नाही, हे लक्षात येण्यासारखं आहे. याच संघटनेची दहा प्रश्नांची 'ऑडिट' चाचणी आहे, गुण शून्य ते चाळीस. आठ किंवा जास्त आले की सावध व्हायचं, वीस किंवा जास्त आले की तज्ज्ञाकडे जायचं. पाच मिनिटांत होते. खरं उत्तर देणं तेवढं आपल्या हातात.

दारू तुटल्यावर ती परत लागू नये म्हणून जी औषधं आहेत, त्यांतल्या एकाची कथा फार झकास आहे. 1937 साली अमेरिकेतल्या एका कारखान्याच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की रबर प्रक्रियेतल्या काही रसायनांशी संबंध येणारे कामगार दारूला शिवेनासे झालेत. घोटभर घेतली तरी चेहरा लाल होतो, छाती धडधडते. दहाएक वर्षांनी कोपनहेगनमध्ये एरिक याकोबसेन आणि येन्स हाल्ड हे दोन संशोधक त्याच जातीचं रसायन, डायसल्फिराम, पोटातल्या जंतांवर चालतं का ते बघत होते. नव्या गोळ्या आधी स्वतः घ्यायची त्यांची पद्धत. जेवताना नेहमीची बिअर घेतली आणि दोघांचीही तब्येत बिघडली. जंत राहिले बाजूला, 1948 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दारूवरचं नवं औषध जाहीर झालं. यकृत इथेनॉलचं आधी अॅसिटाल्डिहाइड करतं, जे विषारी आहे, आणि मग झटपट ते निरुपद्रवी करून टाकतं. डायसल्फिराम ही दुसरी पायरी बंद करतं. पूर्व आशियातल्या अनेकांत ही पायरी जन्मतःच कमजोर असते. ज्यांना आई आणि वडील दोघांकडूनही हा गुण मिळतो त्यांच्यात दारूचं व्यसन जवळपास सापडत नाही.

आता एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या त्या जाहिराती आठवा: 'दारू सोडवा, पेशंटच्या नकळत.' पुडीत काय आहे ते लिहिलेलं नसतं. त्यात डायसल्फिराम असेल, किंवा कुणी त्याची गोळीच डाळीत कालवून देत असेल, तर बेसावध माणूस संध्याकाळी नेहमीसारखी पितो, रक्तदाब कोसळतो, आणि हृदय आधीच कमजोर असेल तर जीव जाऊ शकतो. शिवाय गोळीचा परिणाम थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. हे औषध काम करतं ते माणसाला ते माहीत असतं म्हणूनच. आज सकाळी गोळी घेतली, म्हणजे संध्याकाळचा प्रश्न मिटला, असा तो करार आहे. नकळत दिलं की करार उरत नाही, विषबाधा उरते. आणि ते कळल्यावर बायकोच्या हातच्या जेवणावरचा विश्वासही जातो.

इतर औषधं सौम्य आहेत. 1994 पासून अमेरिकेत मान्य असलेलं नाल्ट्रेक्सोन पिण्यातून मिळणाऱ्या सुखाची धार कमी करतं. अकॅम्प्रोसेट त्या चेतलेल्या ग्लुटामेटला शांत ठेवतं, म्हणजे पुन्हा आपल्या दोराचंच काम. दोन्ही आपल्याकडे मिळतात, यकृत आणि मूत्रपिंड तपासून दिली जातात.

औषधांइतकंच बोलणं काम करतं, आणि त्याचा एक भक्कम पुरावा शेजारच्या गोव्यातून आलाय. 'संगथ' या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत 377 पुरुषांवर अभ्यास केला. हे सगळे धोकादायक पातळीवर पिणारे, पण पुरते अवलंबून नसलेले. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते. थोडं प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं एक ते चार भेटींत, वाद न घालता, ओरडा न करता, पिणाऱ्यालाच त्याचा हिशोब मांडायला लावत. तीन महिन्यांनी त्यांच्याशी बोललेल्यांपैकी 36 टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते, नेहमीची काळजी मिळालेल्यांपैकी 26 टक्के. 2017 साली हेही 'लॅन्सेट'मध्येच छापून आलं. दहा टक्क्यांचा फरक ऐकायला लहान वाटतो, पण तो मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या तालुक्यातही घडवता येतो.

बोलणाऱ्यांत सगळ्यात जुने म्हणजे स्वतः प्यायलेले. 1935 साली ओहायोतल्या अॅक्रन गावात बिल विल्सन हा काही महिन्यांपूर्वीच दारू सोडलेला शेअर दलाल आणि बॉब स्मिथ हा अजून दारूत बुडालेला शल्यविशारद एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस उभी राहिली. फी नाही, आडनाव नाही, फक्त आजचा दिवस. बऱ्याच डॉक्टरांनी तिला दीर्घकाळ भाबडी म्हटलं. 2020 साली वैद्यकीय पुरावे पारखणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात मात्र दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत ती इतर मान्य उपचारांच्या बरोबरीने, कधी वरचढ ठरली. महाराष्ट्रातल्या बऱ्याच शहरांत तिच्या बैठका मराठीत चालतात. पुण्यात येरवड्याला डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या मदतीने 29 ऑगस्ट 1986 रोजी सुरू केलेल्या मुक्तांगणमध्येही आधी बरा झालेला मित्र हाच नव्या आलेल्याचा आधार असतो. बायकांसाठी तिथे 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे. त्याची गरज लोकांना वाटते त्यापेक्षा जास्त आहे, कारण बाईला दारू लवकर बाधते आणि तिची लाज घर जास्त काळ झाकून ठेवतं.

"पण तो यायलाच तयार नाही," हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. यावरही उत्तर शोधलं गेलंय. न्यू मेक्सिकोत विल्यम मिलर आणि रॉबर्ट मायर्स यांनी पिणाऱ्याला सोडून त्याच्या घरच्यांनाच शिकवलं. तो शुद्धीत असेल तेव्हाच बोलायचं, प्यायलेला असताना भांडायचं नाही. न प्यायलेल्या संध्याकाळी घर हसतं ठेवायचं, पण त्याच्या वतीने ऑफिसला 'ताप आलाय' असं खोटं सांगायचं नाही. उपचारांची गोष्ट नेमकी कोणत्या क्षणी काढायची तेही शिकवलं. 1999 साली आलेल्या निष्कर्षांत अशा घरांतले 64 टक्के पिणारे उपचारांना आले. सगळ्या नातेवाइकांनी मिळून समोर बसवून सुनावण्याच्या पद्धतीत 30 टक्के, आणि घरच्यांनी फक्त आपल्यापुरता आधारगट धरल्यावर 13 टक्के. आपल्याकडे सुनावण्याची पद्धत फार लोकप्रिय आहे, म्हणून हे आकडे मुद्दाम दिले.

एम्सने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात दारूवर अवलंबून असलेल्या दर 38 जणांपैकी एकालाच कुठली ना कुठली मदत मिळते. भरती होऊन उपचार मिळालेला 180 तला एक. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा दारूमुळे होणाऱ्या मानसिक विकारांना आजारातच मोजतो. जिल्हा रुग्णालयातला मनोविकार विभाग, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची ओपीडी, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीची मनोरुग्णालये इथे सुरुवात करता येते. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन 14446 आहे, मानसिक आरोग्यासाठीच्या टेलीमानसची 14416. घरी कुणाला दारू थांबवल्यावर फिट आली, किंवा तो बरळू लागला, तर फोनवर थांबायचं नाही, 108 ला बोलवायचं.

डॉक्टर आधी हात पुढे पसरायला सांगतील, बोटं फाकवून. मग चार प्रश्न विचारतील, त्यांची उत्तरं घरून ठरवून न्यावीत: शेवटचा घोट किती वाजता, रोजची मात्रा किती, मागच्या वेळी सोडली तेव्हा फिट आली होती का, आणि दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत का. मात्रा बहुतेकजण निम्मी सांगतात. डॉक्टरांना ते ठाऊक असतं, पण औषधाचा डोस त्यावरच ठरतो, म्हणून सोबत आलेल्या वहिनींनी मध्ये बोलायला हरकत नाही.